चार्ज देणं आणि चार्ज घेणं : डोमेन कंट्रोलरच्या बदलीचा इतिहास

मंडळी, आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून काही जणांना नक्की वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी सर्व्हरच्या भानगडीत कशाला पडावं. आमचं उत्तर असं की हा विषय मुळात यंत्राचा नाही, अधिकाराचा आहे. पद आणि पद सांभाळणारा, हे दोन वेगळे कधी होतात? वेगळे करताना काय तुटतं? हा राज्यशास्त्रातला फार जुना प्रश्न. गेल्या तीसेक वर्षांत तो जगभरच्या कचेऱ्यांतल्या सर्व्हर रूममध्ये, बहुधा शुक्रवारी रात्री, पुन्हा नव्यानं सोडवला गेला. सोडवणाऱ्यांनी हॉब्ज वाचलेला नव्हता, पण अडचणी त्याच होत्या.

सरकारी कचेरीत काम केलेल्यांना 'चार्ज' हा शब्द चांगला माहीत आहे. बदली झाली की जुना अधिकारी चार्ज देतो, नवा घेतो. दप्तर, किल्ल्या, शिक्के, रोख, सगळ्याची यादी होते, दोघांच्या सह्या होतात आणि मग जुना कार्यमुक्त होतो. जुना हजरच नसेल, तर नवा माणूस पंचांसमोर कपाटं उघडतो आणि एकतर्फी चार्ज घेतो. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कार्यमुक्त आणि एकतर्फी. आजच्या सगळ्या इतिहासात ते आपल्या सोबत राहणार आहेत.

आता डोमेन कंट्रोलर म्हणजे काय, हे ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका कचेरीत दोनशे संगणक आहेत. सकाळी तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकता. तुम्ही तेच आहात हे कोण ठरवतं? पूर्वी प्रत्येक संगणकाची स्वतःची यादी असे. दहा संगणकांवर काम करायचं तर दहा ठिकाणी नाव हवं, आणि पासवर्ड बदलला तर दहा ठिकाणी बदलायचा. यावर उपाय म्हणून सगळ्यांची यादी एका विश्वासू यंत्राकडे दिली. बाकीच्या यंत्रांनी ठरवलं, हा ज्याला ओळखतो त्याला आम्ही ओळखतो. अशा एकत्र आलेल्या यंत्रांचा गट म्हणजे डोमेन, आणि ती यादी सांभाळणारा तो डोमेन कंट्रोलर. यात हॉब्जचा सामाजिक करार दिसतो की नाही बघा. प्रत्येकानं आपापला निवाड्याचा हक्क सोडला आणि एकाला दिला.

डोमेनची कल्पना मायक्रोसॉफ्टच्या लॅन मॅनेजर या जुन्या उत्पादनात होती, पण ती घराघरांत, म्हणजे कचेरी-कचेरीत पोचली ती विंडोज एनटीमुळे. एनटीची पहिली आवृत्ती १९९३ सालची, आणि सगळ्यात जास्त पसरलेली ४.० ही १९९६ सालची. त्या व्यवस्थेत एक प्राथमिक डोमेन कंट्रोलर असे, म्हणजे पीडीसी, आणि त्याच्या मदतीला एक किंवा अनेक बीडीसी, म्हणजे राखीव. राखीवाकडे यादीची नक्कल असे. नक्कल दाखवून तो लोकांना आत घेऊ शके, पण यादीत एक अक्षर बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता. खाडाखोड करायची ती पीडीसीनंच. शुद्ध राजेशाही होती.

राजेशाहीची खरी परीक्षा राजा मेल्यावर होते. एनटीमध्ये राखीवाला बढती देता येत असे. पीडीसी जिवंत असताना बढती दिली तर जुना आपोआप खाली उतरे, राखीव होई, शिस्तीत चार्ज दिला-घेतला जाई. पण पीडीसीचं यंत्रच बंद पडलं असेल तर? तर राखीवाला तशीच बढती द्यायची. इथपर्यंत ठीक. गंमत पुढे आहे. जुनं यंत्र दुरुस्त होऊन परत सुरू झालं की त्याला अजून वाटत असे की आपणच गादीवर आहोत. त्याच्या दृष्टीनं मध्ये काही घडलंच नव्हतं. सुरू होताना त्याला दिसे की डोमेनमध्ये दुसरा पीडीसी आहे, आणि मग त्याची लोकांना आत घेण्याची सेवा सुरूच होत नसे. व्यवस्थापकानं येऊन त्याला हातानं खाली उतरवावं लागे. म्हणजे तोतया प्रकरणावरचा उपाय व्यवस्थेत होता, पण अगदी साधा. जो नंतर आला त्यानं गप्प बसायचं.

अर्न्स्ट कँटोरोविच या इतिहासकारानं १९५७ साली राजाच्या दोन शरीरांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. मध्ययुगीन युरोपातल्या कायदेपंडितांनी असं मांडलं की राजाला एक मरणारं शरीर असतं आणि एक न मरणारं, पदाचं. एनटीच्या काळात ही दोन शरीरं नीट सुटी झालेली नव्हती. कोणताही यादीतला बदल त्या एका यंत्रापर्यंत पोचायला हवा असे. मुख्य कचेरी एका शहरात, शाखा दुसऱ्या शहरात, मधली तार कूर्मगतीची. शाखेतल्या माणसाला पासवर्ड बदलायचा तर निरोप मुख्य कचेरीतल्या यंत्राकडे जाणार, ते जागं असेल तर बदल होणार. शिवाय यादीचा आकार साधारण ४० मेगाबाइटपर्यंतच ठेवावा अशी शिफारस होती, म्हणजे अंदाजे ४०,००० नोंदी. मोठ्या संस्थांना एकेका देशासाठी वेगळं डोमेन करून त्यांच्यात विश्वासाचे तह करावे लागत. मांडलिक राज्यांचा नकाशा काढावा तसे त्या काळातले आराखडे दिसतात.

मधल्या टप्प्यावर फार रेंगाळत नाही. निर्देशिका, म्हणजे डिरेक्टरी, ही गोष्ट दूरसंचारवाल्यांनी १९८८ च्या एक्स.५०० या मानकात मांडलेली होती. ती जड होती, म्हणून मिशिगन विद्यापीठात तिच्याकडे जाण्याची हलकी वाट तयार झाली, ती एलडॅप. नॉव्हेल कंपनीनं १९९३ मध्येच आपली निर्देशिका बाजारात आणली होती, आणि जाणकार म्हणत की ती एनटीच्या डोमेनपेक्षा कितीतरी पुढची आहे. ते बरोबरच होतं. बाजार मात्र गुणवत्तेवर चालतो असं कोणी सांगितलं?

१७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० आलं आणि त्यासोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी. इथे राजेशाही संपली. आता सगळे डोमेन कंट्रोलर सारखे. कोणाच्याही वहीत बदल लिहा, तो यथावकाश सगळ्यांच्या वह्यांत पोचेल. ऐकायला लोकशाही वाटते. पण दोघांनी एकाच वेळी एकाच नोंदीत वेगवेगळं लिहिलं तर? नियम असा : ज्या नोंदीची आवृत्ती वरची ती खरी, आवृत्ती सारखी असेल तर जिची वेळ नंतरची ती खरी, वेळही सारखी असेल तर यंत्राच्या ओळखक्रमांकावरून निकाल. हा नियम न्याय्य नाही, फक्त निश्चित आहे. त्याचा चटका लोकांना बसला तो गटांच्या बाबतीत. सुरुवातीच्या आवृत्तीत गटाची अख्खी सदस्ययादी ही एकच नोंद धरली जाई. एका शहरात एकानं गटात एक नाव घातलं, त्याच सुमाराला दुसऱ्या शहरात दुसऱ्यानं दुसरं घातलं, तर त्यातलं एक नाव गुपचूप गायब. कोणी पुसलं नाही, तरी पुसलं गेलं. २००३ च्या आवृत्तीत प्रत्येक सदस्यत्वाची स्वतंत्र नोंद धरायची सोय आली, तेव्हा हे थांबलं.

गटातलं नाव हरवलं तर पुन्हा घालता येतं. पण काही गोष्टी अशा असतात की त्यांवर आधी भांडण होऊ द्यायचं आणि मग निकाल लावायचा, हे परवडतच नाही. म्हणून या प्रजासत्ताकात रचनाकारांनी पाच पदं एकेकट्याच्याच हातात ठेवली. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय आहे. सगळं वाटून टाकता येत नाही हे त्यांनी मान्य केलं, आणि काय वाटता येत नाही याची नेमकी यादी केली. या पदांना 'एफएसएमओ' असं बोजड नाव आहे, कचेरीतली मुलं नुसतं 'फिझमो रोल' म्हणतात.

यातलं एक पद क्रमांक वाटणाऱ्याचं आहे, रिड मास्टर. ते नीट समजून घेऊ. डोमेनमधल्या प्रत्येक माणसाला, यंत्राला, गटाला एक ओळखक्रमांक असतो. त्याचा पहिला भाग डोमेनचा, शेवटचा भाग ज्याचा त्याचा. तुमचं नाव बदललं, लग्नानंतर आडनाव बदललं, खातं बदललं, तरी हा क्रमांक बदलत नाही. कोणत्या फायलीला कोणी हात लावायचा, ते या क्रमांकावरूनच ठरतं, नावावरून नाही. आता सगळे कंट्रोलर नवी माणसं दाखल करू शकतात, मग दोघांनी दोन वेगळ्या माणसांना एकच क्रमांक दिला तर? एका माणसाच्या पगाराची फाईल दुसऱ्याला उघडेल. इथे 'नंतरचा खरा' हा नियम कुचकामी. म्हणून एकच वाटप अधिकारी. तो प्रत्येक कंट्रोलरला पाचशे-पाचशे क्रमांकांचा गठ्ठा देतो, जसं पावतीपुस्तकं वाटतात तसं. गठ्ठा संपत आला की नवा मागायचा.

दुसरा अधिकारी रजिस्टरचे रकाने ठरवणारा, तिसरा नव्या डोमेनांची नावं मंजूर करणारा. चौथा दुसऱ्या डोमेनमधल्या नोंदींचे आपल्याकडचे संदर्भ दुरुस्त करत राहतो. पाचवा म्हणजे पीडीसी एम्युलेटर, शब्दशः पीडीसीचं सोंग घेणारा. जुनी एनटीची राखीव यंत्रं काही काळ सोबत राहणार होती, त्यांना राजा दिसत राहावा म्हणून हे सोंग. एनटीची यंत्रं केव्हाच भंगारात गेली, पण सोंग उरलं, कारण दरम्यान त्याच्याकडे दुसरी कामं आली. ताजे बदललेले पासवर्ड आधी त्याच्याकडे जातात. आणि सगळ्या डोमेनची घड्याळं शेवटी त्याच्या घड्याळाला लावली जातात.

आता बदलीकडे येऊ. जुनं यंत्र काढून नवं बसवायचं. कधी हार्डवेअर थकतं, पण बहुतेक वेळा कंपनीनं आधार थांबवल्याची तारीख येते. २००३ च्या सर्व्हरची ती तारीख होती १४ जुलै २०१५, २००८ च्या सर्व्हरची १४ जानेवारी २०२०, २०१२ च्या सर्व्हरची १० ऑक्टोबर २०२३. या तारखा म्हणजे संगणक विभागातल्या माणसांच्या रजा रद्द होण्याच्या तारखा.

पदं नव्या यंत्राकडे देण्याचे मार्ग दोनच. जुना जिवंत असेल तर हस्तांतर. तो आपल्याकडची शेवटची माहिती देतो, नवा घेतो, आणि जुन्यालाही कळतं की आपण आता त्या पदावर नाही. जुना मेला असेल तर जप्ती, म्हणजे आपला एकतर्फी चार्ज. हे करण्याचं जुनं हत्यार एनटीडीएसयुटिल नावाचं. त्याला जप्तीचा हुकूम दिला तरी ते आधी हस्तांतराचा प्रयत्न करतं. म्हणजे दार फोडायला सांगितलेला माणूस आधी कडी वाजवून बघतो. आतून उत्तर आलं नाही तरच फोडतो. आम्हाला हे फार आवडलं.

आणि दार फोडल्यावरचा नियम कडक आहे. क्रमांकवाटप, रकाने आणि डोमेनांची नावं, या तीन पदांपैकी एकही जप्त केलं असेल, तर जुनं यंत्र पुन्हा जाळ्यावर आणायचं नाही. त्याची डिस्क पुसायची. कारण जुन्याला कार्यमुक्तीचा कागद मिळालेलाच नाही. तो परत आला तर प्रामाणिकपणे आपलं काम सुरू करेल, आणि नव्यानं वाटलेलेच क्रमांक पुन्हा वाटू शकेल. लबाडी कोणाचीच नाही, तरी यादी बिघडली. इतिहासात तोतये पुष्कळ झाले, पण स्वतःला खरंच खरा समजणारा तोतया हा सगळ्यात अवघड.

शिस्तीतल्या हस्तांतरातही खाचखळगे आहेत. पद जातं, पण पदाच्या सवयी जातीलच असं नाही. घड्याळाचं बघा. जुना पीडीसी एम्युलेटर बाहेरच्या एखाद्या विश्वसनीय घड्याळाकडून वेळ घेत असतो. पद नव्याला दिलं तरी ही व्यवस्था त्याच्यासोबत जात नाही, नव्यावर ती हातानं करावी लागते. राहिलं, तर नवं यंत्र हळूहळू आपल्याच तंद्रीत पुढे-मागे जातं. डोमेनमध्ये ओळख पटवण्याची जी पद्धत आहे, कर्बेरॉस, ती एमआयटीमध्ये जन्मली आणि ती वेळेच्या शिक्क्यावर चालते. यंत्राच्या आणि कंट्रोलरच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ती ओळख नाकारते. तुम्ही तेच, पासवर्ड बरोबर, आणि तरी दार बंद.

मग पत्त्यांचा प्रश्न. डोमेन कंट्रोलरकडे बहुतेक ठिकाणी आणखी दोन कामं असतात. नावावरून पत्ता सांगणं, म्हणजे डीएनएस, आणि नव्या यंत्राला पत्ता वाटणं, म्हणजे डीएचसीपी. डीएचसीपीचा पत्ता भाड्यानं मिळतो, आणि त्या भाडेपट्ट्यातच 'नाव विचारायचं तर अमक्याकडे जा' असं लिहिलेलं असतं. विंडोजमध्ये हा पट्टा मुळात आठ दिवसांचा. यंत्र सारखं चालू असेल तर ते मध्येच पट्ट्याचं नूतनीकरण करतं, पण नूतनीकरण होईपर्यंत ते जुन्याकडेच विचारत राहतं. म्हणून शहाणी माणसं सेवा हलवल्यावर जुनं यंत्र लगेच उचलत नाहीत, काही दिवस नुसतं बघत बसतात की अजून कोण कोण त्याचं दार ठोठावतंय. भाडेपट्ट्यानं चालणारी यंत्रं तरी शेवटी सुधारतात. पण कोपऱ्यातला प्रिंटर, हजेरीचं यंत्र, दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून गेलेला पगाराचा प्रोग्राम, यांच्या पोटात जुना पत्ता आकड्यांत कोरलेला असतो. ती यादी कोणाकडे नसते. काही लोक यावर नव्या यंत्रालाच शेवटी जुना पत्ता देतात. रस्त्यावरचं दुकान बदललं तरी गिऱ्हाईक जुन्याच दारात येतं, त्याला फिरवून काय उपयोग?

आणखी एक बारीक गोष्ट. यंत्राला कंट्रोलर करताना संकटकाळासाठी एक वेगळा पासवर्ड ठरवला जातो, निर्देशिका बंद असताना आत शिरण्यासाठी. तो ठरवणारा माणूस संस्थेतून कधीच निघून गेलेला असतो. माणसांनीही चार्ज द्यायचा असतो, हे यंत्राच्या बदलीत सहसा शेवटी आठवतं.

जुना कंट्रोलर रीतसर खाली उतरवला तर सगळ्यांच्या वहीतून त्याचं नाव निघतं. नुसता प्लग काढला तर बाकीचे त्याची वाट बघत राहतात. आणि खोडलेल्या नोंदींचंही एक सुतक असतं. नोंद खोडली तरी तिची निशाणी काही दिवस ठेवली जाते, म्हणजे सगळ्यांना कळेल की ती गेली. आधी हा काळ ६० दिवसांचा होता, २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्या रचनांत १८० दिवसांचा झाला. एखादं यंत्र त्याहून जास्त काळ बंद राहून परत आलं, तर मेलेली माणसं त्याच्या वहीत जिवंत असतात, आणि ती मेली हे सांगणारी निशाणी आता कोणाकडेच उरलेली नसते.

आभासी यंत्रं आली तेव्हा याहून विचित्र प्रकार सुरू झाला. लोक कंट्रोलरचा अख्खा छायाफोटो काढून ठेवू लागले आणि गडबड झाली की तो परत बसवू लागले. प्रत्येक कंट्रोलर आपल्या बदलांना चढते क्रमांक देतो. बाकीच्यांनी लक्षात ठेवलेलं असतं की याचं पाच हजारपर्यंत ऐकून झालंय. छायाफोटोतून तो उठतो चार हजारावर. आता तो जे नवं सांगेल त्याला चार हजार एक, दोन असे क्रमांक देईल, आणि बाकीचे म्हणतील, हे तर आम्ही ऐकलेलं आहे. तो बोलतोय, कोणी ऐकत नाही, आणि तक्रारही कोणाची नाही. लॉकनं माणसाची ओळख त्याच्या स्मृतीत शोधली. इथे दुसऱ्यांच्या स्मृतीशी तुमची स्मृती जुळली नाही तर तुम्ही असून नसल्यासारखे. २०१२ च्या सर्व्हरपासून यंत्राला एक पिढीक्रमांक देण्यात आला, म्हणजे 'मला मागच्या काळातून उठवलं आहे' हे त्याला स्वतःला तरी कळावं.

हे सगळं कशासाठी सांगतोय ते मर्स्कच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. २७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू पसरला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक काही तासांत निकामी झाले. बंदरं अडली. आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही त्यात होतं, तिथे कामं हातानं करायची वेळ आली. नंतर कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले.

पण त्या उभारणीची सुरुवातच अडली होती. कंपनीचे जगभर सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते, आणि ते सगळे एकमेकांची नक्कल होते. एक गेला तर दुसऱ्याकडून भरून घेऊ, हा हिशेब. म्हणून त्यांची वेगळी प्रत कोणी ठेवलेली नव्हती. सगळे एकाच दिवशी जातील असं कोणाच्या मनातही नव्हतं. दुसऱ्या सर्व्हरांच्या प्रती होत्या, पण कोण कोणाला ओळखतो ही यादीच नाही, तर त्या प्रतींचं करायचं काय? शोधाशोध करताना घानामधल्या कचेरीतला एक कंट्रोलर शाबूत सापडला. का शाबूत? तर हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटला होता. तिथून तारेनं माहिती पाठवायला कित्येक दिवस लागले असते, आणि घानाच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो लंडनला पोचला. ही हकीकत पुढच्या वर्षी वायर्ड मासिकात सविस्तर आली. प्रजासत्ताकातले सगळे सभासद समान होते, म्हणून सगळे एकाच रोगानं मेले. वाचला तो फक्त सभेला गैरहजर असलेला.

वेळ झालेली दिसते. एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे : "आता सगळं क्लाउडवर गेलंय, मग हा विषय संपलाच ना?" अहो, पुष्कळ संस्थांमध्ये जुनी निर्देशिका आपल्या इमारतीत आहे आणि तिची छाया क्लाउडवर. दोन्हींचा मेळ घालणारा एक सर्व्हर असतो. त्याला जोडीदार ठेवता येतो, पण तो जोडीदार तयारीत बसलेला, सगळं वाचणारा आणि काहीही न लिहिणारा. लिहिणारा एका वेळी एकच. तो बदलायचा झाला की आधी जुन्याला गप्प करायचं, मग नव्याला बोलतं करायचं, याच क्रमानं. १९९३ सालचा राखीव तुम्हाला यात ओळखू येतोय का बघा. पुढची चिठ्ठी घेऊ या.